गार्डाच्या पेटीतला वेताळ

पश्चिम महाराष्ट्रातल्या बहुतेकांना गोंदिया हे गाव एका पाटीवरून ठाऊक असते. महाराष्ट्र एक्सप्रेसच्या डब्याला ती लटकलेली असते: कोल्हापूर–गोंदिया. कोल्हापूरकडच्या टोकाला अंबाबाई आहे, रंकाळा आहे, तांबडा रस्सा आहे. दुसऱ्या टोकाला काय आहे, हे विचारण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. मी गेल्या दिवाळीच्या सुटीत गोंदियाला निघालो, तेव्हा आमच्या पुण्याच्या शेजाऱ्यांनी अगदी सहानुभूतीने विचारले, "बदली झाली का हो?"

बदली नव्हती. मी एक जुने कॉमिक शोधायला चाललो होतो. पण मराठीच्या प्राध्यापकाने हे शेजाऱ्यांना कोणत्या तोंडाने सांगावे? "जुन्या ग्रंथांचे काम आहे," असे सांगून मी वेळ मारून नेली. ते तितकेसे खोटेही नव्हते.

रात्री पुण्यात बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी दिवेलागणीनंतर गोंदियाला उतरतो. या गाडीचा सबंध प्रवास तेराशे किलोमीटरांहून अधिक, आणि तो जवळजवळ सगळा महाराष्ट्रातलाच. नागपूर मागे पडले की कामठी, भंडारा रोड, तुमसर रोड अशी स्टेशने येतात. डब्यातली मराठी हळूहळू बदलू लागते. "कुठे चाललात?" याचे "कोठी जाता जी?" होते आणि त्या शेवटच्या 'जी'ने परका माणूसही एकदम पाहुणा होऊन बसतो. तुमसर आणि तिरोडा यांच्या मध्ये वैनगंगेचा पूल लागतो. तो ओलांडला की दोन्ही अंगांना धानच धान. दिवाळी म्हणजे तिकडे कापणीचे दिवस. अर्धी बांधी पिवळी उभी, अर्धी कापून आडवी पडलेली. इतर महाराष्ट्र ज्याला भात म्हणतो त्याला इथे धान म्हणतात, आणि गोंदियाच्या राइस मिला या धानावरच उभ्या आहेत. मिलमध्ये धान भिजवून उकडतात तेव्हा एक आंबूस-गोड वास गावभर पसरतो. पाहुणे नाकाला रुमाल लावतात. माझे लहानपण त्या वासात गेले. स्टेशनबाहेर आल्या आल्या तो आला आणि हातातली बॅग खाली ठेवून मी उगीचच दोन मिनिटे उभा राहिलो.

माझे वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. आम्ही गोंदियाला होतो तेव्हा ते भंडारा जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 मे 1999 रोजी. पण तालुका असो की जिल्हा, गोंदियाचे खरे मोठेपण जंक्शनचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगाल–नागपूर रेल्वेची लाइन इथून गेली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी सातपुड्यात शिरणारी अडीच फुटी लाइन इथून निघाली. ती बालाघाट, नैनपूर करीत जबलपूरला जाई. गावात तिला सगळे 'छोटी लाइन' म्हणत. तिची गाडी इतक्या सावकाश चाले की, उतरून सीताफळे तोडावीत आणि पुन्हा तीच गाडी पकडावी, असे आम्ही पोरे सांगत असू. आमच्यापैकी कोणी ते करून पाहिले नव्हते, ही गोष्ट निराळी. आता ती लाइन रुंद झाली आहे. प्रथम बालाघाटपर्यंत आणि मग पुढे जबलपूरपर्यंत.

जंक्शनमुळे रेल्वे कॉलनीत भाषांचा बाजार भरलेला असे. आमच्या एका अंगाला बंगाली कुटुंब, दुसऱ्या अंगाला तेलुगू, समोर रायपूरकडचे हिंदी बोलणारे. शिवाय गावात मारवाडी, गुजराती, सिंधी व्यापारी आणि खेड्यांतून येणारी पोवारी, झाडीबोली आणि गोंडी. आणि या सगळ्या पोरांचा देव एकच होता: वेताळ.

ज्यांचे बालपण 1964 ते 1990 या काळात गेले त्यांना हा वेताळ कोण ते सांगायला नको. त्यांच्या मुलांसाठी सांगतो. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेने मार्च 1964 मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' ही चित्रकथांची माला सुरू केली. आधी मासिक, मग पाक्षिक, पुढे साप्ताहिक अशी ती 1990 पर्यंत चालली आणि तिचे आठशेच्या घरात अंक निघाले. तिचा मुख्य नायक ली फॉक या अमेरिकन लेखकाचा 'फँटम'. हा 17 फेब्रुवारी 1936 रोजी अमेरिकेच्या वर्तमानपत्रांत अवतरला. जांभळा घट्ट पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, बोटात कवटीची अंगठी. चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेल्या पहिल्या पुरुषाने 1536 मध्ये बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, आणि तेव्हापासून बापामागून मुलगा तोच पोशाख चढवीत आला. लोकांना वाटते की हा एकच पुरुष चारशे वर्षे जिवंत आहे. आताचा एकविसावा.

मराठीत त्याचा झाला वेताळ. ज्याने हे नाव योजले त्याला मी मनातून दाद देतो. आपला वेताळ म्हणजे भुतांचा राजा, अमावास्येला पालखी घेऊन निघणारा, कोकणात आणि गोव्यात गावाची राखण करणारा. मरत नाही, रात्री हिंडतो, दुष्टांना झपाटतो आणि सीमेच्या आतल्याला सांभाळतो. फॉकचा फँटम याहून निराळे काय करीत होता? आमच्या बंगाली शेजाऱ्यांचे नातेवाईक खरगपूरहून येताना बंगाली अंक आणीत, त्यात तोच 'अरण्यदेव' होता. तो अधिक सोज्वळ वाटे. पण पोरांच्या भांडणात "तुझा देव, तर माझा भुतांचा राजा!" असे म्हणता येई आणि वाद मिटे.

आमच्या घरी अंक घेई तो दादा. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. स्टेशनवरच्या बुकस्टॉलवर अंक आला की तो फलाटावरच उभ्याने एकदा वाची, मग घरी आणून मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात निळ्या शाईने क्रमांक घाली आणि पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवी. वेताळ होता, जादूगार मॅन्ड्रेक होता, आणि 1976 पासून आपला देशी बहादूरही होता. आबिद सुरतींनी घडवलेला, डाकूचा मुलगा असून डाकूंशी लढणारा, भगवा कुडता आणि जीन घालणारा. ट्रंकेला हात लावायचा तर दादाची परवानगी लागे. ती मला एकदाच मिळाली. त्या पावसाळ्यात मी एका अंकाचे शेवटचे पान फाडून त्याची होडी केली आणि कॉलनीमागच्या बोडीत सोडली. दादाने मारले नाही. ट्रंकेला कुलूप मात्र लागले.

पुढे दादा शिक्षणासाठी नागपूरला गेला. 1989 ची दिवाळी. झाडीपट्टीत भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते. दंडार असते, खडी गंमत असते, रात्रभर नाटक असते, आणि पोरांच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे पाळणा असतो. दादा भाऊबीज आटोपून परत गेला होता. माझ्याजवळ पैसे नव्हते. कुलपाची किल्ली कोणत्या डब्यात असते ते मला ठाऊक होते. रद्दीवाला दारावरून ओरडत चालला होता.

नव्वदेक अंक होते. अकरा रुपये आले. पाळण्यात मी इतके बसलो की घरी येऊन ओकलो.

दादा संक्रांतीला आला. ट्रंक उघडून पाहिली, बंद केली. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याने अंधारात एवढेच विचारले, "किती आले?" मी सांगितले. "फसवलं तुला," तो म्हणाला आणि कूस बदलून झोपला. पुढच्याच वर्षी इंद्रजाल बंद पडले, आमची बदली झाली, गोंदिया सुटले. त्या अंकांचा विषय नंतर पस्तीस वर्षांत दादाने एकदाही काढला नाही. माणसाने एकदा खडसावले म्हणजे हिशेब मिटतो. दादाने तो मिटवलाच नाही.

तो आता कोल्हापूरला असतो, पन्नाशी उलटलेला. माझ्या हातात थोडे पैसे खेळू लागले तेव्हा मला वाटले, आता परतफेड करावी. आणि परतफेड करणाऱ्याला दिवसही चांगले आहेत. जुन्या चित्रकथांचे पुनर्मुद्रण हा आज जगभर मोठा उद्योग झाला आहे. ऑस्ट्रेलियात फँटमचे अंक 1948 पासून निघत आले आहेत, स्वीडनमध्ये 1950 पासून. तिकडे त्याचा पोशाख निळा असतो आणि इटलीत तांबडा. रंगाऱ्याला कोणी विचारले नसावे. अमेरिकेत 1936 पासूनच्या दैनिक पट्ट्या क्रमवार लावून, जाड कागदावर, पुठ्ठ्याच्या बांधणीत, विद्वानांच्या प्रस्तावनांसह निघाल्या आहेत. आपल्याकडेही इंद्रजालनंतर निरनिराळ्या प्रकाशकांनी हिंदी-इंग्रजीत वेताळ काढला. अनंत पै हे इंद्रजालच्या आरंभीच्या मंडळींपैकी. त्यांनी 1967 मध्ये अमर चित्र कथा सुरू केली आणि तिच्या आवृत्त्या तर आजतागायत निघत आहेत.

मी दादाच्या वाढदिवसाला अमेरिकन मालेतला एक खंड नेला. उशाला घेतला तर मान मोडेल एवढा. दादाने तो मांडीवर घेतला, चष्मा लावला, अर्धा तास मन लावून पाने उलटली. मग म्हणाला, "सुरेख काढलाय. पण हा इंग्रजी बोलतो रे."

मला वाक्य लागले. आणि मराठीचा मास्तर म्हणून जरा जास्तच लागले.

म्हणून गोंदिया. माझा तिरोड्याकडचा एक विद्यार्थी आहे. वर्गात मी ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर बोलत होतो, आणि ओघात कॉमिकच्या पाठभेदांचे उदाहरण दिले. तास संपल्यावर तो म्हणाला, "सर, माझ्या आजोबांकडं मराठी वेताळाची पेटी आहे. गोंदियाला. कोणाला हात लावू देत नाहीत."

आजोबा छोट्या लाइनवरचे निवृत्त गार्ड. 2022 पासून रेल्वेने गार्डाला 'ट्रेन मॅनेजर' असे नाव दिले आहे, पण म्हाताऱ्यांपुढे तो शब्द उच्चारण्याची सोय नाही. घर जुन्या कौलांचे, अंगणात धान वाळत घातलेले. त्यांनी मला खाटेवर बसवले, सुनेला चहा टाकायला सांगितले आणि मग सरळ मुद्द्यावर आले.

"पुण्याहून येऊन राहिले म्हणते पोरगा. वाचाले आले का विकत घ्याले?"

"विकत मिळाले तर..." मी चाचरत म्हणालो.

"विकाचेच असते तर रद्दीवाला रोज दारावरून जाते जी," ते म्हणाले.

यावर मी काय बोलणार? मी माझी गोष्ट सांगून टाकली. पाळण्यासकट. ते हसले नाहीत. उठून आत गेले आणि नातवाच्या मदतीने एक काळी लोखंडी पेटी बाहेर आणली. ही गार्डाची लाइनबॉक्स. पूर्वी गार्ड गाडीवर निघाला की त्याची झेंडी, कंदील, कागदपत्रे असलेली ही पेटी ब्रेकव्हॅनमध्ये चढवीत. ती जुनी म्हणून मोडीत निघाली तेव्हा त्यांनी मागून घेतली. आत कडुनिंबाचा पाला होता आणि पाल्याखाली मेणकापडात बांधलेले गठ्ठे.

"छोट्या लाइनचा गार्ड म्हणजे जंगलातला माणूस," ते सांगू लागले. "एक टेसन गेले का दुसऱ्याले लै वेळ. कंदिलात काय कराचे? गोंदियाले मराठी अंक घ्याचा, जबलपूरले हिंदी. जाताना मराठी वाचाचा, येताना तोच हिंदीत."

मी चमकलो. म्हणजे एकाच कथेचे दोन पाठ, शेजारी शेजारी! मी बॅगेतून अमेरिकन खंड काढला. सौद्यासाठी म्हणून आणला होता, आता त्याचा खरा उपयोग झाला. एक कथा तिन्हींत सापडली. पुढचे दोन तास त्या खाटेवर पाठचिकित्सेचे जे सत्र झाले, तसे माझ्या विद्यापीठीय आयुष्यात झालेले नाही.

वाचकहो, इंद्रजाल ही मुळातच पुनर्मुद्रणांची माला होती, हे आपण विसरतो. फँटम लिहिला गेला वर्तमानपत्रासाठी. रोज एक पट्टी, तीन-चार चौकटी. काल काय झाले हे वाचक विसरलेला असणार, म्हणून पहिल्या चौकटीत कालची उजळणी, शेवटच्या चौकटीत उद्यासाठी धक्का. ते सगळे सलग पुस्तकात छापले तर दर चार चौकटींनी वाचकाला उचकी लागल्यासारखे होते. अमेरिकन खंडात ती उचकी जशीच्या तशी जपली आहे; विद्वानांना ती हवी असते. इंद्रजालवाल्यांनी उजळणीच्या चौकटी काढल्या, काही चित्रे कापली, पानात बसवायला काही लांबवली. मूळचा देश 'बेंगाला'. तो बंगालसारखा ऐकू येतो म्हणून 'डेंकाली' केला. मूळ कथेत चाच्यांच्या टोळीला सिंग म्हटले होते, त्यांचे 'सिंगा' झाले. म्हणजे ज्या अंकांना आम्ही संग्राहक 'अस्सल' म्हणून जीव टाकतो, ते अंक म्हणजे काटछाट केलेली दुसरी आवृत्ती! पण त्यात लाज ती काय? नाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली म्हणून ती आपल्यापर्यंत नीट पोचली. राजवाड्यांनी 1909 मध्ये निराळी जुनी पोथी छापून त्या शुद्धीकरणावर प्रश्न उभे केले, ते त्यांचे काम. वारकरी आपला नाथांचीच म्हणतो.

मराठी अंक वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. लहानपणी ती कळण्याजोगी नव्हती. अंकावर अनुवादकाचे नाव नाही. कोण होती ती माणसे? त्यांच्यापुढे इंग्रजीच्या मापाचा फुगा काढलेला होता आणि त्यात मराठी मावायला हवी होती. इंग्रजीत चार शब्दांत मावते ते मराठीत क्रियापदापर्यंत पोचता पोचता फुग्याबाहेर जाते. म्हणून त्यांनी क्रियापदे गाळली, सर्वनामे गाळली, हाका आणि दटावण्या तेवढ्या ठेवल्या. वेताळ फार थोडे बोलतो. आम्हाला वाटे, तो करारी आहे म्हणून थोडे बोलतो. वस्तुतः जागा नव्हती! दादाच्या बोलण्यातला तुटकपणा कुठून आला असावा, हेही मला त्या खाटेवर बसल्या बसल्या उमगले. "किती आले?" "फसवलं तुला." फुग्यात अगदी बरोबर मावतात.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. गार्डसाहेबांनी पेटी आधीच बाहेर काढून ठेवली होती. फोटो काढायला त्यांची हरकत नव्हती. "पाने ओढू नका, पिना गंजल्या आहेत," एवढेच बजावले. मी गठ्ठा सोडवीत, मुखपृष्ठांचे फोटो मोबाइलवर दादाला पाठवू लागलो. काही कारण लिहिले नाही. पहिल्या पाच-सहांना उत्तर आले नाही. सातव्याला फोनच आला.

"कुठं आहेस?"

"गोंदियाला."

तिकडून क्षणभर काही ऐकू आले नाही. मग, "तो शेवटचा फोटो पाठवलास ना, तो अंक हातात आहे?"

"आहे."

"शेवटचं पान आहे त्याला?"

मी उलटून पाहिले. होडीचे पान. माझ्या नव्हे, गार्डसाहेबांच्या अंकातले. घडीसुद्धा नाही, कोपरा तेवढा कसरीने खाल्लेला.

"फोटो पाठवतो," मी म्हणालो.

"फोटो नको. वाच. पहिल्यापासून वाच."

मी वाचू लागलो. गार्डसाहेबांनी खाटेवर पाय वर घेतले आणि डोळे मिटून तेही ऐकू लागले. मी चौकटीत काय काय आहे ते सांगायचो आणि फुग्यातले वाचायचो. तिसऱ्या पानापासून दादा फुगा माझ्या आधीच म्हणू लागला. मी थांबलो की पुढचे तोच सांगे. एके ठिकाणी मी शब्द चुकलो तर त्याने दुरुस्त केला, आणि गार्डसाहेबांनी डोळे न उघडता मान हलवली. अंक न पाहता पस्तीस वर्षे! मी आयुष्यात विद्यार्थ्यांना 'मौखिक परंपरा' शिकवीत आलो आहे.

शेवटच्या पानाशी आलो. आता दादा बोलेना. ते पान त्याच्या पाठांतरातही मी बोडीत सोडले होते. सहा चौकटी होत्या. मी सावकाश वाचल्या. वेताळ गुहेकडे परत जातो, मागे वळून पाहत नाही, एवढेच त्यात होते.

"पुन्हा वाच," दादा म्हणाला.

मला दुपारची विदर्भ गाठायची होती. मी घड्याळाकडे पाहिले, तशी गार्डसाहेबांनी जुन्या सवयीने आपले मनगटावरचे घड्याळ डोळ्यांजवळ नेले.

"गाडीले दोन तास आहेत," ते म्हणाले. "वाचा जी."